डेल्मरचं चार तासांचं मरण

लेडबेटर गावात डेल्मर हगिन्स दर शनिवारी दुपारी बाराला मरत असे. मेच्या पहिल्या शनिवारपासून सप्टेंबर संपेपर्यंत, गेली सत्तावीस वर्षं. मध्ये एकदा गालगुंडामुळे खाडा झाला आणि एकदा मुलीच्या लग्नामुळे. लग्नाच्या वेळी त्यानं होणाऱ्या जावयाला, रविवार चालेल का, असं विचारून पाहिलं होतं. जावई डेन्व्हरचा. त्याला या गोष्टीतलं गांभीर्य कळलं नाही.

एरवी डेल्मर शाळेची बस चालवी. उंच, वाळका, हळू बोलणारा माणूस. गावसभेला आला तरी हजेरी घेताना हमखास सुटायचा. त्रेसष्ट वर्षांत त्याच्याबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं आणि वाईटही बोललं नव्हतं. पण मरण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या नेवाडात कुणी नव्हता.

प्रसंग सगळ्या गावाला पाठ होता. १८८४च्या जुलैत आयझॅक टेबर नावाचा दरोडेखोर बँकेतून पिशवी घेऊन शीळ घालत बाहेर पडला आणि मार्शलनं त्याला हॉटेलासमोर, घोड्यांच्या हौदाजवळ, जागच्या जागी गार केलं. तेव्हाच्या 'सेंटिनेल' साप्ताहिकाचं पहिलं पान, 'टेबर ठार', चौकटीत घालून बँकेत, हॉटेलात, न्हाव्याकडे आणि दाताच्या डॉक्टरकडे लावलेलं होतं. टेकडीवर टेबरची कबरही होती. तिच्यावरचा दगड मात्र १९५६ साली हॉटेलवाल्यानं बसवला, हमरस्त्यावरच्या गाड्या गावात वळाव्यात म्हणून. खाणीतली चांदी संपल्यावर गावाकडे दाखवण्यासारखा एवढा एकच मुडदा उरला होता.

मार्शलचं काम बर्ल स्टॅम्पर करी. बर्ल गावचा महापौर, शिवाय खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानाचा मालक. त्याचं पिस्तूल तीनदा ओढल्यावर एकदा फुसकं निघे. अशा वेळी डेल्मर आवाजावाचूनच मरे, आणि प्रेक्षकांतल्या कुणालाही ते खटकत नसे. तो हौदावर रेलून मरे. गुडघ्यांवर बसून, टोपी छातीशी धरून मरे. पावसाळी दिवसांत चिखल चुकवून मरे. एका ऑगस्टात तर शिळेचा सूर न तोडता, हळूहळू खाली उतरवत मेला होता, तेव्हा आयडाहोची एक बाई रडली होती.

समोरच्या उपाहारगृहाच्या खिडकीतून त्याची बायको लोरीन हे सगळं बघे आणि मग दारातल्या फळ्यावर, त्या दिवशीच्या सुपाच्या खाली, खडूनं गुण लिही. 'सूप : वाटाण्याचं. डेल्मर : साडेसात.' आयडाहोच्या बाईच्या दिवशी नऊ दिले होते. त्यावर कधीच नाही.

"दहा कधी देणारेस?" डेल्मर दरवर्षी विचारी.

"डोळा मिटशील तेव्हा."

"मिटलेलाच असतो गं."

"एक मिटलेला असतो. दुसऱ्यानं तू टाळ्या मोजतोस. मेलेल्या माणसाला टाळ्यांची कसली काळजी?"

डेल्मर हे कधीच कबूल करत नसे. पण ते खरं होतं, आणि त्याला त्याचं काही करता येत नव्हतं.

पर्यटकांच्या बसगाड्या पावणेबाराला यायच्या, डेल्मर मेला की लोक स्वच्छतागृहात जायचे आणि साडेबाराच्या आत हमरस्ता गाठायचे. गावात ऑपेरा हाऊस होतं, त्यात शनिवारी जुन्या धर्तीचं खलनायकाचं नाटक व्हायचं आणि सहा माणसं खलनायकाला हुर्यो करायची, त्यांतली चार त्याचीच भावंडं. चांदीची खाण दिवे लावून दाखवायला ठेवली होती. गोधड्यांचं प्रदर्शन होतं. खोगिरं बनवणारा एक म्हातारा होता, जो चामड्यावर असं काही नक्षीकाम करी की घोड्यानं लाजावं. संग्रहालयात शनिवारी सरासरी तीन माणसं येत, त्यांपैकी एक स्वच्छतागृह शोधत.

या संग्रहालयावर यंदा मिस विनिफ्रेड ओक्स आली. वय एकोणतीस, इतिहासाची पदवी, आणि भिंतीवरची चित्रं खरोखर बघायची सवय. दारातून आत शिरताच डाव्या हाताला गावच्या ब्रास बँडचा १८९१ सालचा फोटो होता. साठ वर्षं तो तिथेच होता. लेडबेटरच्या प्रत्येक माणसानं शाळेच्या सहलीत त्याच्यापुढे उभं राहून जांभई दिली होती. खाली शाईनं नावं लिहिली होती. विनिफ्रेडनं दुसऱ्याच आठवड्यात ती वाचली. मागच्या रांगेत, ट्यूबा नावाचं भलंमोठं पितळी वाद्य कवेत घेऊन, आयझॅक टेबर बसला होता.

चौऱ्याऐंशी साली मेला होता आणि एक्याण्णव साली ट्यूबा वाजवत होता.

गावसभा अग्निशमनाच्या शेडमध्ये भरली. एरवी बर्लनं तो फोटो गुपचूप माळ्यावर टाकला असता, पण नेमकं त्याच महिन्यात राज्याच्या वारसा मंडळाचं पत्र आलं होतं. जुलैत, गावाच्या स्थापनादिनी, मंडळी येणार आणि सगळं ठाकठीक दिसलं तर ऐतिहासिक गाव म्हणून पितळी पाटी बसवणार. पत्रात एक ओळ होती, 'प्रयोग पुराव्याशी सुसंगत असावेत.' बर्लनं ती ओळ मोठ्यानं दोनदा वाचली.

"म्हणजे टेबर मेला नाही," तो म्हणाला.

"कबर आहे की त्याची," मागून पोस्टमास्तर ऑर्व्हिल म्हणाला.

"कबरीत कोण आहे मग?"

"माझे वडील सांगायचे, खेचर."

सभेनं टोप्या काढून खेचराला मान दिला. मग ठरलं : यापुढे टेबरला पायाला गोळी लागेल, तो लंगडेल, आणि मार्शल त्याला दंडाला धरून घेऊन जाईल. बर्लनं डेल्मरकडे पाहिलं. "तुला चालेल ना रे?"

डेल्मरला सत्तावीस वर्षांत सभेत पहिल्यांदाच कुणी काही विचारलं होतं. त्यामुळे तो गडबडला आणि हो म्हणाला.

लंगडण्याची तालीम दुसऱ्या दिवशी झाली. डेल्मर लंगडत हौदापासून तुरुंगापर्यंत गेला. लोरीननं खिडकीतून पाहिलं आणि फळ्यावर नुसतं सूप लिहिलं.

"काहीच नाही?" त्यानं विचारलं.

"काय लिहू? बुटात खडा गेलेला माणूस दिसत होतास."

पुढचे दोन आठवडे डेल्मर नीट जेवला नाही. बस चालवताना त्यानं दोन थांबे सोडले. घरी ओसरीवर खुर्ची टाकून तो रस्त्याकडे बघत बसे.

"एक विचारू?" तिसऱ्या रविवारी लोरीन म्हणाली. "तुला लंगडायचं जिवावर येतं, का मरायचं राहिलं म्हणून?"

"लोरीन, मला दुसरं काय येतं?"

यावर तिनं बस चालवता येते, गटार साफ करता येतं, असं काहीबाही सांगून पाहिलं. मग आत जाऊन त्याची टोपी घेऊन आली. "ऊठ. त्या पोरीला जाऊन विचार. ज्याच्यासाठी एवढा झुरतोयस, तो मेला नाही तर काय करत होता, एवढं तरी बघून ये."

संग्रहालय रविवारी बंद असे, पण विनिफ्रेड आत होती. गावात रविवारी दुसरं काही करण्यासारखं तिला अजून सापडलं नव्हतं. डेल्मर फोटोसमोर उभा राहिला. टेबरची मिशी ट्यूबाच्या वर डोकावत होती. डावा पाय सरळ पुढे पसरलेला. आणि बाकीचा बँड फोटोसाठी श्वास धरून बसलेला असताना हा गृहस्थ हसत होता.

"मला तुमचा राग नाही, मिस ओक्स," डेल्मर म्हणाला.

"मला वाटलं होतं, असेल."

"होता. पण मी रागावलो तरी कुणाला कळत नाही, म्हणून सोडून दिला. एक सांगा. हा जगला, तर पेपरवाल्यानं मेला असं का छापलं?"

"ते मी पाहिलंच नाही," विनिफ्रेड म्हणाली. पदवी असलेल्या माणसाला हे वाक्य अवघड जातं, म्हणून डेल्मरला ती तेव्हाच आवडली. "सगळ्यांकडे पहिलंच पान आहे. पुढचे अंक कुठे आहेत?"

पुढचे अंक तळघरात होते, चांदीच्या मातीच्या नमुन्यांखाली. दोघांनी खोकी वर आणली. पिवळी पानं बोट लावताच कडेनं झडत होती. विनिफ्रेड हळुवारपणे उलटत होती आणि डेल्मर चष्मा लावून, ओठ हलवत, जाहिरातींसकट वाचत होता. जाहिरातींसकट वाचत होता म्हणूनच त्याला ते सापडलं. पुढच्याच आठवड्याचा अंक, पान चौथं, कुरुपाच्या मलमाच्या जाहिरातीखाली.

"मिस ओक्स," तो म्हणाला, "जरा इथे बघता?"

मजकूर असा होता : 'गेल्या अंकात श्री. टेबर ठार झाल्याचे छापले होते. श्री. टेबर यांनी कार्यालयात समक्ष येऊन याबाबत आपले मत वेगळे असल्याचे कळविले आहे. गोळी मांडीला लागली होती. मार्शलकडे आणखी गोळ्या आहेत हे पाहून त्यांनी मृत होणे पत्करले व बारा ते चार हॉटेलच्या सावलीत त्या स्थितीत राहिले. आमचा अंक तीन वाजता छपाईस जातो. चार वाजता सुतार शवपेटीचे माप घेत असता श्री. टेबर उठून बसले, पेटी चार बोटे आखूड होत असल्याचे सांगितले व कॉफी मागितली. पिशवी जशीच्या तशी परत मिळाल्याने बँकेची तक्रार नाही. साडेतीन वाजता मार्शलसाहेबांस नागरिकांतर्फे दिलेले घड्याळ परत घेणे बरे दिसणार नाही असे ठरले.'

डेल्मरनं ते तीनदा वाचलं. मग त्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा न लावता खिशात ठेवला.

"म्हणजे तो मेल्याचं सोंग करत होता," तो म्हणाला.

"चार तास," विनिफ्रेड म्हणाली.

"आणि कुणाला कळलं नाही."

"तेव्हा अख्ख्या गावाला नाही. आणि आपल्याला एकशे चाळीस वर्षं."

डेल्मर परत फोटोकडे गेला. तो आणि टेबर बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले, एका धंद्यातली माणसं बघतात तसे.

दुसऱ्या सभेत तो स्वतःहून उभा राहिला. त्यामुळे पहिली दोन मिनिटं तो खिडकी उघडायला उठला आहे असं सगळ्यांना वाटलं. विनिफ्रेडनं मजकूर वाचून दाखवला. ऑर्व्हिल पोस्टमास्तरला घड्याळाची गोष्ट फार आवडली.

"छान," बर्ल म्हणाला. "म्हणजे तू मर, मी दोन शब्द बोलतो, तू ऊठ. दहा मिनिटं."

"चार तास," डेल्मर म्हणाला.

"अरे, चार तास कोण थांबणार? लोकांना गाड्या धरायच्या असतात."

"बर्ल, पत्रात काय लिहिलंय? पुराव्याशी सुसंगत. पुरावा चार तासांचा आहे."

बर्लनं पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात अजूनही तेच लिहिलेलं होतं. "तुझे गुडघे?" त्यानं शेवटचा प्रयत्न केला.

"पडून राहायला गुडघे लागत नाहीत," लोरीन दारातून म्हणाली. "पण सकाळपासून कॉफी देणार नाही त्याला. एवढं मी बघते."

स्थापनादिनाला आकाश स्वच्छ होतं. बाराला पाच कमी असताना डेल्मर बँकेतून पिशवी घेऊन, शीळ घालत बाहेर आला. दोन बसगाड्या, शेदीडशे मोटारी, आणि पहिल्या रांगेत खुर्च्यांवर वारसा मंडळाचे तिघे. बर्लचं पिस्तूल उडालं, पहिल्याच झटक्यात. डेल्मर मांडी धरून गर्रकन फिरला, हौदाला टेकला, हॉटेलची सावली कुठे आहे ते पडता पडता हेरलं आणि बरोबर तिच्यात आडवा झाला. टाळ्या झाल्या. त्याचा डावा डोळा सवयीनं किलकिला झाला आणि खिडकीतली लोरीन मान हलवताना त्याला दिसली.

मग विनिफ्रेडनं कर्ण्यातून जाहीर केलं : "टेबर चार वाजता उठेल."

बसमधल्या लोकांनी घड्याळं पाहिली. "उठेल म्हणजे?" एकानं विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "साडेबाराला निघायचंय." त्यावर एक आजीबाई म्हणाल्या, "तू नीघ रे बाबा. मी याचा शेवट बघितल्याशिवाय हलणार नाही." आणि चार तास नुसतं उभं राहता येत नाही म्हणून त्या गोधड्या बघायला गेल्या. त्यांच्यामागून बस गेली. म्हणजे बसमधली माणसं. बस तिथेच राहिली.

डोळे मिटून पडलेल्या डेल्मरनं त्या दिवशी आपलं गाव पहिल्यांदा नीट ऐकलं. ऑपेरा हाऊसमधून पियानो आला आणि पाठोपाठ अशी हुर्यो, की खलनायकाची भावंडं घशांत लाकूडतोडीचं यंत्र घेऊन बसली असती तरी तेवढी झाली नसती. म्हणजे नाट्यगृह भरलं होतं. खाणीकडे जाणारी छोटी गाडी खडखडत तीनदा गेली. एरवी ती महिन्यात तीनदा जाई. खोगीरवाला म्हातारा कुणाला तरी नक्षीच्या पानाचा देठ कसा वळवायचा ते सांगत होता, आणि तो गेल्या दहा वर्षांत एकूण बोलला नसेल एवढं एका दमात बोलत होता. दर थोड्या वेळानं कुणीतरी परत येऊन डेल्मरकडे डोकावे.

"अजून मेलेलाच आहे का?"

"आहे. आम्ही संग्रहालय करून आलो, तेव्हाही होता."

"बँडचा फोटो पाहिलात? हसतोय बघा तो."

एक कुत्रं येऊन त्याचा कान हुंगून गेलं. मग त्याच्या शाळेच्या बसमधली मुलं आली. आवाजावरून त्यानं ओळखलं, तिसऱ्या थांब्यावरची.

"मिस्टर हगिन्स, तुम्ही खरंच मेलात?"

"वेडी आहेस का?" दुसऱ्या मुलानं तिला विचारलं. "मेलेला माणूस उत्तर कसं देईल?"

"पण मग शाळा उघडल्यावर बस?"

"अजून सुट्टी आहे."

यावर त्यांचं समाधान झालं आणि त्यांनी त्याच्या छातीवर एक पिवळं फूल ठेवलं. डेल्मरचं पोट हसण्यानं हलू पाहत होतं. त्यानं टेबरचा विचार केला. त्यालाही असंच झालं असणार, आणि त्याच्यासमोर तर भरलेलं पिस्तूल होतं.

साडेतीनला, पुराव्याप्रमाणे, मार्शलला घड्याळ देण्याचा समारंभ झाला. पुराव्यात मार्शलच्या भाषणाचा उल्लेख नव्हता, पण बर्लनं ते केलं. आधी गावाच्या स्थापनेवर बोलला, मग रस्त्यांवर, मग सांडपाण्यावर. सावली थंडगार होती. हौदातलं पाणी बारीक ठिबकत होतं. सांडपाण्याचा दुसरा मुद्दा चालू झाला तेव्हा डेल्मरनं ठरवलं, की भाषण संपेपर्यंत जरा विसावावं.

चारला अग्निशमनाचा भोंगा झाला. रस्ता माणसांनी भरला होता, हॉटेलच्या गच्चीवरसुद्धा लोक चढले होते. सुताराचा एप्रन बांधलेला ऑर्व्हिल फूटपट्टी घेऊन आला, त्यानं डोक्यापासून बुटापर्यंत माप घेतलं आणि थांबला. डेल्मर उठला नाही. ऑर्व्हिलनं पुन्हा माप घेतलं. मग रुंदी घेतली, जी कुठल्याच पुराव्यात नव्हती.

"डेल्मर," बर्ल ओठ न हलवता म्हणाला, "चार वाजले."

काही नाही. बर्लनं नुकतंच मिळालेलं घड्याळ दोनदा पाहिलं. पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी पर्स घट्ट धरली. वारसा मंडळाचे तिघे लिहायचे थांबले. सातशे माणसांच्या त्या रस्त्यावर हौदाचं ठिबकणं ऐकू येऊ लागलं.

लोरीन उपाहारगृहातून बाहेर आली. हातात कॉफीचा कप होता, पण ती चालत होती ते कप सांडेल याची पर्वा न करता. ती डेल्मरपाशी वाकली. कान त्याच्या तोंडाजवळ नेला. मग तिनं दोन्ही डोळ्यांकडे नीट बघितलं, आधी डाव्या, मग उजव्या. सावकाश सरळ झाली.

"कुणी हलू नका," ती म्हणाली. "झोपलाय. दोन्ही डोळ्यांनी."

गर्दीतून एक सुस्कारा गेला आणि त्यामागून हसू. लोरीननं कप त्याच्या नाकाशी धरला. वाफ नाकात गेली. सकाळपासून कॉफीवाचून राहिलेला डेल्मर ताडकन उठून बसला, छातीवरचं फूल मांडीत पडलं, समोर सातशे माणसं बघून त्यानं सवयीनं, बसमध्ये बघतो तसं, डोक्यावरच्या आरशाकडे पाहिलं, जो तिथे नव्हता, आणि म्हणाला,

"सगळे उतरले का?"

यानंतर जे झालं त्याला टाळ्या म्हणणं कमीपणाचं होईल. समारंभाला बोलावलेल्या बँडनं ठरलेली धून सोडून भलतीच सुरू केली. पेटी आखूड होते हे वाक्य डेल्मर विसरला ते विसरलाच. ऑर्व्हिलनंच शेवटी ओरडून सांगितलं, की पेटी आखूड होते. मंडळाच्या प्रमुख बाईंनी वहीत लिहिलं, की प्रयोग पुराव्यापेक्षाही खरा वाटला. पाटी बसली. कुठे बसवायची यावर बर्लला बोलायचं होतं, पण लोकांनी त्याला कॉफी दिली.

सहाला रस्ता रिकामा झाल्यावर डेल्मर पाठ चोळत उपाहारगृहाच्या दारात आला. जर्दाळूचा केक संपला होता, मक्याचा पाव संपला होता, खुर्च्यासुद्धा कुणीतरी समारंभासाठी उचलून नेल्या होत्या. लोरीन हाताला लागलेला खडू पुसत होती. फळ्यावर लिहिलं होतं : 'सूप : संपलं. डेल्मर : दहा.'

त्यानं चष्मा लावून ते पुन्हा वाचलं.

"पण मी तर काहीच केलं नाही," तो म्हणाला. "झोपलो होतो."

"म्हणून तर."

"आणि पुढच्या शनिवारी?"

लोरीननं त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली. "पुढच्या शनिवारी बर्लला पुन्हा सांडपाण्यावर बोलायला सांगू."